मदत हवी आहे: जेट स्कीचं इंजिन अचानक मिसिंग मारतंय, झटके देतंय

नमस्कार मंडळी,

मी मुंबईत मढला राहतो. घरची मासेमारीची होडी आहे आणि तिचं डिझेल इंजिन आम्ही भाऊ घरीच खोलतो. पण पेट्रोलच्या इंजेक्शनवाल्या इंजिनात हात घालायची हिंमत होत नाही, म्हणून विचारतोय.

धाकट्या भावाने गेल्या वर्षी एक वापरलेली जेट स्की घेतली. फोर स्ट्रोक, ३ सिलिंडर, १०० च्या आसपास हॉर्सपॉवर, सुपरचार्जर नाही. किनाऱ्यावर परवाना असलेल्या एकाकडे ती राइडसाठी लागते. मेच्या अखेरीला पावसाळ्यासाठी वॉटर स्पोर्ट्स बंद झाले तेव्हा गोड्या पाण्याने धुतली आणि ताडपत्री घालून अंगणात ठेवली. आता सप्टेंबर लागला म्हणून परवा भरतीला मार्व्याहून खाडीत उतरवली. भाऊ एकटाच होता.

पहिली १५ मिनिटं मस्त चालली. मनोरीच्या बाजूला खाडीच्या तोंडाशी जरा लाटा लागल्या आणि तिथे अचानक आवाज फाटला. एक सिलिंडर मेल्यासारखा. थ्रॉटल दाबला की पिकअप नाही, नुसते झटके. सोडला तरी इंजिन थरथरतंय. दोनदा बंद पडून चालू झालं, तिसऱ्यांदा झालंच नाही. ओळखीच्या होडीने टोचन करून मार्व्याला आणली.

बझर वाजला नव्हता, लाल दिवाही नाही. बंद पडेपर्यंत बाजूच्या नळीतून पाण्याची धार येत होती, म्हणजे गरम झालं नसावं. घरी सीट काढून प्लग खोलले. दोन तपकिरी, मागचा ओला. टाकीत मेमधलं अर्धं पेट्रोल होतं, त्यावर परवा १० लिटर नवीन टाकलं. त्यानंतर सेल मारलेला नाही.

फोनवर एका मेकॅनिकने न बघताच तिन्ही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारे) बदला म्हणून सांगितलं. तेवढे पैसे आत्ता नाहीत. त्याहून मोठी काळजी अशी की या सीटवर लोकांची मुलं बसतात. ओहोटीच्या ओढीत ही मधेच बंद पडली तर काय, या विचाराने भावाला झोप नाही. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १

आधी पाणी आत घेणाऱ्या तोंडाची खालची जाळी आणि इंपेलर, म्हणजे पाणी मागे फेकणारा पंखा, बघा. आपल्या खाड्यांत प्लास्टिकच्या पिशव्या आणि नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे किती असतात ते तुम्हाला सांगायला नको. इंजिन बंद ठेवणाऱ्या किल स्विचची दोरी काढून ठेवा आणि मगच खाली हात घाला.

प्रतिसाद २

इंपेलरमध्ये काही अडकलं तर आरपीएम चढतो आणि स्कीचा वेग वाढत नाही, किंवा सगळी बॉडी हादरते. इंजिनाचा स्वतःचा ठोका चुकत नाही. इथे थ्रॉटल सोडल्यावरही मिसिंग आहे, म्हणजे दोष वरच आहे. जाळी बघाच, पण तिथे फार वेळ घालवू नका.

प्रतिसाद ३

वर्सोव्याला बरीच वर्षं आउटबोर्ड आणि जेट स्कीची कामं केली, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक प्रश्न. टोचन करताना होडीचा वेग किती होता? बऱ्याच जेट स्कींत इंजिन थंड करायला बाहेरचंच पाणी आत घेतात. इंजिन बंद असताना जोरात ओढली तर तेच पाणी रेटा लागून एक्झॉस्टमध्ये भरतं आणि तिथून सिलिंडरमध्ये जातं. म्हणून ताशी ८ किलोमीटरच्या वर ओढायची नसते आणि पाण्याची आत येणारी नळी चिमटून ठेवायची असते. तुमचा मागचा प्लग नुसता ओला आहे की खाऱ्या पाण्याने ओला आहे, हे आधी ठरलं पाहिजे. सिलिंडरमध्ये पाणी असताना प्लग लावून सेल मारला तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. तुम्ही सेल मारला नाहीत हे फार चांगलं केलंत.

आता असं करा. सीट आणि झाकणं उघडून अर्धा तास हवा खेळू द्या, आत पेट्रोलची वाफ साठलेली असते. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, बघा. ऑइल दुधाळ दिसलं, म्हणजे त्यात पाणी मिसळलंय, तर तिथेच थांबा आणि मला कळवा. ऑइल स्वच्छ असेल तर तिन्ही प्लग बाहेर, कॉईलचे (प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या) कनेक्टर काढलेले, भोकांवर फडकं, थ्रॉटल पूर्ण दाबलेला, आणि दोन-तीन सेकंद सेल. बहुतेक मशिनांत थ्रॉटल पूर्ण दाबून धरला की इंजेक्शन बंद राहतं, तरी तुमच्या मॅन्युअलमध्ये खात्री करून घ्या. फडक्यावर काय उडतं ते बघा. पेट्रोल उडून जातं, खारं पाणी राहतं आणि सुकल्यावर पांढरा डाग सोडतं.

दुसरी शंका पेट्रोलची. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी ते पोटात सामावतं, पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून सुटतात आणि टाकीच्या तळाला बसतात. नुसत्या दमट हवेने एवढं पाणी सहसा जमत नाही. टाकीच्या झाकणाचा रबर चिरला असेल आणि ताडपत्रीवरून पाणी ओघळत असेल तर मात्र तीन महिन्यांच्या मुंबईच्या पावसात सहज जमतं. सपाट पाण्यात तो थर तळाशी गप्प असतो. लाटा लागल्या की हिंदकळतो आणि पंपाच्या तोंडात जातो. तुमची १५ मिनिटं नीट चालली आणि खाडीच्या तोंडाशी बिघडली, यात मला तेच दिसतंय.

तळातलं अर्धा लिटर पारदर्शक बाटलीत काढून तासभर ठेवा. खाली वेगळा थर दिसला की समजा. हे काम मोकळ्या जागेत करायचं, देवघरातला दिवासुद्धा लांब. आणि काढलेलं पेट्रोल कृपा करून खाडीत ओतू नका.

इंजेक्टरला तोवर हात लावू नका.

धागाकर्ता

दादा, टोचनचं वाचून हातपाय गार पडले. आम्हाला खरंच माहीत नव्हतं, नळी चिमटली नव्हती. भावाला विचारलं. तो म्हणतो पाणी उतरत होतं, होडीवाला गाळात रुतायच्या भीतीने अगदी सावकाश आला. उद्या सकाळी सगळं करून लिहितो.

प्रतिसाद ४

माझ्या बाइकला हेच झालं होतं, पंपावरच पाणी भरलं गेलं. पावसाळ्यात नवीन पेट्रोल भरताना डेन्सिटी (घनता) तपासून मागा, तो आपला हक्क आहे. टाकी रिकामी करून परत तसलंच भरायला नको.

धागाकर्ता

केलं. ऑइल स्वच्छ मधासारखं आहे. प्लग काढून सेल मारला तर मागच्या भोकातून फडक्यावर जे आलं ते उन्हात दोन मिनिटांत उडून गेलं, डाग नाही. छातीवरचा दगड उतरला.

बाटलीत खाली दोन बोटं थर आला, गढूळसर. झाकणाचा रबर नखाने ताणला तर चीर उघडी पडली. टाकी पूर्ण रिकामी केली, फडक्याने पुसली, नवीन रबर, नवीन प्लग, डेन्सिटी बघून आणलेलं पेट्रोल. मग अंगणात थंड करायला पाण्याचा पाइप लावून चालू केलं. पहिल्यापेक्षा खूप बरं आहे, बंद पडत नाही. पण एक ठोका अजून चुकतोय, सारखा, लयीत. आता काय?

प्रतिसाद ३

पाइप लावताना क्रम पाळलात ना? आधी इंजिन चालू, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. उलटं केलं तर टोचनसारखंच पाणी मागे भरतं.

लयीत चुकतंय म्हणजे एकच सिलिंडर. मागच्याची कॉईल पुढच्याला लावा, पुढची मागे. चुकणारा ठोका कॉईलबरोबर पुढे गेला तर कॉईल खराब. मागेच राहिला तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), मग गेज लावून बघू. याला पैसे लागत नाहीत.

धागाकर्ता

क्रम बरोबर होता, मॅन्युअलमध्ये वाचून केलं. कॉईल बदलून बघितल्या. ठोका पुढे गेला! मागच्या कॉईलचा कनेक्टर उघडला तर आत हिरवी बुरशी धरलेली. खाऱ्या हवेने खाल्लाय. कनेक्टर साफ केला तरी फरक नाही, म्हणजे कॉईलच गेली. एका कॉईलचे पैसे जमतील, इंजेक्टरचे नसते जमले.

एकच विचारतो. कॉईल बसल्यावर किती तास रिकामी चालवून बघू म्हणजे माणसं बसवता येतील?

प्रतिसाद ३

तीन दिवस, रोज तासभर, शेवटच्या दिवशी खाडीच्या तोंडाशी लाटांत. सोबत तुमची होडी राहू दे, आणि दोर लांब घ्या. रोज आल्यावर प्लग काढून बघा, तिघांचा रंग एकसारखा हवा. त्यातला एक जरी वेगळा दिसला तर मला फोटो टाका, तोवर गिऱ्हाईक नाही.

धागाकर्ता

कॉईल मागवली आहे, गुरुवारी येईल. तोवर बाकीचे दोन कनेक्टर साफ करून ग्रीस लावतोय.