न्यूयॉर्कच्या सातव्या रेजिमेंटचे कवायतगृह: गढी की क्लब?

चुनेगच्ची:
पार्क अव्हेन्यूवरील या इमारतीचे कौतुक आज तेथील कलाप्रयोगांमुळे होते. पण ती मुळात शहरातील गरिबांच्या धास्तीने बांधलेली गढी आहे, असे माझे मत आहे. जुलै १८७७ मध्ये रेल्वे कामगारांचा संप अमेरिकाभर पसरला आणि ऑक्टोबरात येथे कोनशिला बसली. याच पलटणीने, म्हणजे न्यूयॉर्क राज्याच्या स्वयंसेवक सैनिकांच्या सातव्या रेजिमेंटने, १८४९ मध्ये शहरातील अॅस्टर प्लेसच्या दंगलीत जमावावर गोळ्या झाडल्या होत्या, आणि त्या दंगलीत वीसहून अधिक माणसे मेली. लाल विटांचे बुरूज आणि अरुंद, उभट खिडक्या पाहिल्यावर शत्रू कोण हे वेगळे सांगायला नको.

कवायती:
कालक्रम तपासा. टॉम्पकिन्स मार्केट या बाजारावरची पलटणीची जुनी जागा अपुरी पडत असल्यामुळे नव्या इमारतीची खटपट संपाच्या आधीच सुरू झाली होती. शिवाय आपण दर्शनी भागापाशीच थांबलात. मागच्या, लेक्सिंग्टन अव्हेन्यूच्या बाजूचा कवायतीचा मंडप सुमारे २०० फूट रुंद, ३०० फूट लांब आणि ८० फूट उंच असून, लोखंडी कमानींनी छत पेलल्यामुळे आत एकही खांब नाही. ओळीने चालणारी तुकडी वळताना मध्ये खांब आला, तर ओळ मोडते. म्हणून रेल्वे स्थानकांच्या छतांसाठी रुळलेली रचना येथे आली. वास्तुकार चार्ल्स क्लिंटन स्वतः याच पलटणीत होते, त्यांना ही अडचण कोणी समजावून सांगायला नको होती.

चुनेगच्ची:
खटपट आधीची असेल, पण शहरातील धनिकांनी पैसा दिला तो कवायतीच्या वळणांच्या काळजीने, हे मला पटत नाही.

नक्षीदार:
दोघांचाही मुद्दा अर्धाच आहे. इमारत प्रामुख्याने खासगी वर्गणीतून उभी राहिली, आणि म्हणूनच लुई टिफनी, स्टॅनफर्ड व्हाइट आणि हर्टर ब्रदर्स या नामांकित सजावटकारांकडून दालने सजवून घेण्याची मुभा पलटणीला होती. निव्वळ भीतीपोटी कोणी लाकडावर इतके बारीक कोरीवकाम करवून घेत नाही. (आणि निव्वळ कवायतीसाठीही नाही.) बाहेरच्या तटबंदीइतकाच आतला श्रीमंती थाटही या पलटणीच्या ‘रेशमी मोज्यांची रेजिमेंट’ या टोपणनावाला साजेसा आहे.

कवायती:
क्लब म्हणा हवे तर, पण दालने आणि मंडप एकाच मापाने मोजू नका. १९०० पासून अनेक दशके अमेरिकेची इनडोअर टेनिस अजिंक्यपद स्पर्धा त्या मंडपात होत असे, कारण खांब नसलेली एवढी जागा टेनिसलाही चालते. टिफनीच्या दालनांत ती खेळता आली नसती.