चित्राभोवतीचा मजकूर: अंतर अक्षरांत मोजू नका

फाइलींतली चित्रं शब्द टाकून शोधता यावीत म्हणून चित्राच्या मागची-पुढची दोनशे अक्षरं उचलून इंडेक्समध्ये (शोधासाठीच्या सूचीत) टाकावीत, असं या चर्चेत कुणीतरी सुचवलंय. सपाट मजकुराला चालेल. पण फाइलला रचना असताना ती फेकून का द्यायची? चित्र विभागाच्या शेवटी असेल तर पुढची दोनशे अक्षरं भलत्याच विषयाची निघतात. त्यापेक्षा आधी चित्राखालची ओळ, मग त्या विभागाचं शीर्षक, मग प्रकरणाचं, असं वर चढत जावं आणि शोधात त्या मजकुराला द्यायचं वजन कमी करत न्यावं. रचना असलेल्या मजकुरातल्या शोधावरच्या 'इनेक्स' या संशोधन उपक्रमाच्या मल्टिमीडिया ट्रॅकमध्ये (विभागात) विकिपीडियाच्या एक्सएमएल (रचनेच्या खुणा घातलेल्या) लेखांवर असलेच प्रयोग झाले होते.

वर्डच्या फाइलींबद्दल इथे कुणी बोललं नाही, आणि आमच्याकडे तर सगळा ढिगारा त्यांचाच. वर्डची डॉकएक्स फाइल म्हणजे मुळात झिप, अनेक फाइलींचं एक गाठोडं. उघडली की 'मीडिया' फोल्डरात इमेज १, इमेज २ अशी बिनकामाची नावं दिसतात. कुठलं चित्र कुठल्या परिच्छेदात, हे मुख्य एक्सएमएलमधला चित्राचा आयडी 'रेल्स' फाइलशी (कुठला आयडी म्हणजे कुठली फाइल, याची यादी) जुळवल्यावरच कळतं. हेडरची, म्हणजे पानाच्या माथ्यावरच्या मजकुराची, रेल्स फाइल वेगळी असते. ती वगळलीत की लोगोंचा कचरा आपोआप गळतो. चित्राखालच्या ओळीसाठी वर्डमध्ये असलेल्या कॅप्शनच्या स्टाइलवर मात्र विसंबू नका, लोक सरळ ठळक अक्षरांत 'आकृती ४' टाइप करून मोकळे होतात. तो आकडा पकडून 'आकृती ४ मध्ये दाखवल्याप्रमाणे' असं लिहिलेला परिच्छेदही चित्राला जोडा. तो परिच्छेद चित्रापासून चार पानं दूर असला तरी चित्रात काय आहे ते बहुतेकदा तिथेच सांगितलेलं असतं.