मदत हवी आहे: सिकलसेल, खुब्याचं दुखणं आणि गावचा हाडवैद्य

नमस्कार मंडळी,

माझा मावसभाऊ नंदुरबारमधल्या धडगावकडचा, आम्ही पावरा आदिवासी. वय १७, सिकलसेल कार्डावर ‘एसएस’, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेला हा रक्ताचा आजार. पावसाळ्यापासून उजव्या जांघेत कळ येते ती गुडघ्यापर्यंत उतरते. मांडी घालता येत नाही, उठताना दाराची चौकट धरावी लागते. एक्स-रे काढला, त्यात काही निघालं नाही. झालं! मशीनला दिसत नाही म्हणजे बाहेरचंच, असं घरात ठरलं. भगत झाला, कोंबडं झालं. आता हाडवैद्य रोज तेल चोळून पाय ओढतात.

त्यांना नावं ठेवायला आलेलो नाही. मोडलेला हात कामट्यांत बांधून त्यांनी नीट बसवलेला मी पाहिलाय. पण इथे मोडलंय काय? दुसरे डॉक्टर म्हणाले, विळ्यासारख्या झालेल्या पेशी खुब्याच्या गोळ्याचं (मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाचं) रक्त अडवतात, हाड आतून मरायला लागतं. सुरुवातीला एक्स-रेत ते दिसत नाही, एमआरआय करा. मावशीचं म्हणणं, आजार रक्ताचा आहे तर पाय कसा दुखेल?

तिला कसं समजावू? तेल पूर्ण बंद करायचं का? आणि या वयात ऑपरेशन होतं का?

प्रतिसाद:

ओढणं आजच थांबवा. तेलावरून भांडू नका, हलक्या हाताने लावलं तर लावू दे. काठी द्या, पण डाव्या हातात. दुखऱ्या बाजूला धरली तर खुब्यावरचा भार हवा तसा कमी होत नाही. ताप आला तर मात्र थांबू नका. सिकलसेलमध्ये हाडात जंतुसंसर्गही होतो, त्याला त्याच दिवशी दवाखाना.

ऑपरेशन होतं. गोळा अजून चपटा झाला नसेल तर हाडाला छिद्र पाडून आतला दाब कमी करतात. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. गोळा खचला असेल तर सांधा बदलणं उरतं, ते इतक्या लहान वयात शक्यतो लांबवतात. म्हणून एमआरआयची घाई. हायड्रॉक्सियुरिया (सिकलसेलचं औषध) चालू आहे का तेही विचारा. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे, प्रमाणपत्रासाठी चौकशी करून ठेवा.

मावशीचं म्हणाल तर हाडवैद्यांनाच सोबत दवाखान्यात न्या. एमआरआयमधला दोन्ही खुब्यांचा फोटो शेजारी शेजारी लावून हाडवैद्यांना दाखवा, असं डॉक्टरांना सांगा. हाड त्यांना कळतं. ‘हे माझ्या हातचं नाही’ असं त्यांनी घरी सांगितलं की तुमचं निम्मं काम झालं.

रिपोर्ट आला की इथे टाका, नाव झाकून.