उपग्रहाची ‘स्थिती’, ‘रोख’ की ‘दिक्स्थिती’? आणि ‘सॅच्युरेट’ झालेल्या चाकाला काय म्हणावे?

कोनमापी: उपग्रहाच्या नियंत्रणावरच्या मराठी मजकुरात ‘ॲटिट्यूड’साठी, म्हणजे उपग्रह अवकाशात कसा वळलेला आहे यासाठी, कुठे ‘वृत्ती’, कुठे ‘अभिवृत्ती’, तर कुठे नुसतेच ‘स्थिती’ असे दिसते. वृत्ती माणसाची असते, तेव्हा ती बाजूला ठेवू. पण ‘स्थिती’ही अडचणीची, कारण पोझिशन आणि स्टेट या दोन्हींनाही सर्रास तेच म्हटले जाते. एकाच परिच्छेदात तिन्ही आले तर वाचकाने काय समजायचे? आपला जुना ‘रोख’ चालेल का?

दिगंश: ‘रोख’ शब्द फार चांगला, पण तो वेगळ्या गोष्टीसाठी राखून ठेवावा. तोफेचा रोख, दुर्बिणीचा रोख म्हणजे एका अक्षाची दिशा. ती सांगायला दोन कोन पुरतात. दुर्बीण त्याच अक्षाभोवती गरगर फिरवली तरी रोख बदलत नाही. ॲटिट्यूड सांगायला मात्र हे तिसरे फिरणेही धरावे लागते. म्हणून पॉइंटिंग म्हणजे रोख आणि ॲटिट्यूड म्हणजे दिक्स्थिती अशी वाटणी करावी.

हा नुसता शब्दांचा काथ्याकूट नाही. गोल झोताची अँटेना पृथ्वीकडे वळवायची तर रोख पुरतो. पण एकेक ओळ टिपत पुढे जाणाऱ्या कॅमेऱ्याचा रोख अचूक असला आणि तिसरा कोन चुकला, तर ओळी उड्डाणाच्या दिशेला काटकोनात न पडता तिरप्या पडतात आणि चित्र विरूप होते. संवेदकांचेही तसेच. सूर्यसंवेदक एकच दिशा देतो, म्हणजे दोन कोन. तिसऱ्यासाठी दुसरी दिशा लागते, बहुधा चुंबकमापीकडून मिळणारी क्षेत्राची दिशा. या दोन दिशा जवळजवळ समांतर आल्या की तिसरा कोन हाताला लागत नाही. उपग्रह पृथ्वीच्या सावलीत गेला की सूर्यसंवेदक तसाही निकामीच. तारासंवेदक एकटा तिन्ही कोन देतो, पण स्वतःच्या रोखाभोवतीचा कोन त्याला बाकीच्या दोहोंपेक्षा कित्येक पट ढोबळ मिळतो. म्हणून दोन तारासंवेदक बसवताना त्यांचे रोख एकमेकांपासून बरेच दूर, जमल्यास काटकोनाच्या आसपास ठेवतात. एकाचा कच्चा कोन दुसऱ्याचा पक्का ठरतो.

शब्दवेल्हाळ: मग ‘दिग्विन्यास’ का नको? आणि बोलताना सगळे ॲटिट्यूडच म्हणतात, तर लिहितानाही तेच का नको?

दिगंश: विन्यास म्हटले की अनेक भागांची मांडणी डोळ्यांपुढे येते. इथे एकच कडक पिंड आहे आणि त्याची चौकट दुसऱ्या चौकटीच्या तुलनेत कशी वळली आहे, एवढेच सांगायचे आहे. बोलताना ॲटिट्यूड म्हणायला काहीच हरकत नाही. छापताना मात्र सांभाळा. ॲटिट्यूड आणि ॲल्टिट्यूड यांत देवनागरीत एका अर्ध्या अक्षराचा फरक आहे, आणि मुद्रितशोधक मोठ्या आत्मविश्वासाने एकाचे दुसरे करून ठेवतात.

गणनयंत्री: पोझिशनला ‘स्थान’ आणि स्टेटला ‘अवस्था’ ही वाटणी मला मान्य. दिक्स्थिती ही अवस्थेचा एक भाग असते. नेहमीच्या काल्मन फिल्टरच्या (मापनांवरून अवस्था ठरवत जाणाऱ्या गणितपद्धतीच्या) अवस्थेत क्वाटर्नियनचे (दिक्स्थिती सांगणाऱ्या चौकडीचे) चार आकडे आणि जायरोच्या (फिरण्याचा वेग मोजणाऱ्या संवेदकाच्या) बायसचे, म्हणजे कायमच्या चुकीचे, तीन असे सात असतात. पण सहविचरणाचा तक्ता (कोणता आकडा किती अनिश्चित आणि त्या अनिश्चिततांचा एकमेकांशी संबंध काय, हे सांगणारा) ७ × ७ न ठेवता ६ × ६ ठेवतात, कारण क्वाटर्नियनच्या चार आकड्यांवर ‘वर्गांची बेरीज १’ हे बंधन असते आणि दिक्स्थितीची चूक मुळात तीनच दिशांनी होऊ शकते. हे बंधन विसरून सातचा तक्ता घेतला तर तो जवळजवळ एकवचनी होतो (इथे ‘एकवचनी’ म्हणजे ज्याचा व्यस्त निघत नाही असा, व्याकरणातला नव्हे) आणि फिल्टर डळमळतो.

क्वाटर्नियन वापरताना दोन ठिकाणी हमखास ठेच लागते. पहिली: सर्व चिन्हे उलटी केली तरी दिक्स्थिती तीच राहते. नियंत्रकात चुकीच्या क्वाटर्नियनचा, म्हणजे हवी ती आणि असलेली दिक्स्थिती यांतल्या फरकाचा, अदिश भाग (चारांतला अक्षाची दिशा न सांगणारा आकडा) ऋण आला तर चारही आकड्यांची चिन्हे पालटून घ्यावीत. नाहीतर १० अंशांच्या कामासाठी उपग्रह उलट्या बाजूने ३५० अंश फिरायला निघतो. दुसरी: अदिश भाग आधी की शेवटी, यावर प्रोग्रामिंगच्या ग्रंथालयांचे, म्हणजे तयार कोडसंचांचे, एकमत नाही. झेड अक्षाभोवती ९० अंश म्हणजे अदिश-आधी पद्धतीत (०.७०७१, ०, ०, ०.७०७१). हेच आकडे अदिश-शेवटी असे वाचले तर एक्स अक्षाभोवती ९० अंश होतात. वर्गांची बेरीज दोन्हीकडे १ असल्यामुळे ती तपासणारा कोड गप्प बसतो. म्हणून जोडणी करताना प्रत्येक अक्षाभोवती एकेक ९० अंशांचे वळण देऊन उत्तर डोळ्यांनी पाहावे.

कोनमापी: ‘एस्टिमेशन’ला काय? ‘अंदाज’ फार सैल वाटतो.

गणनयंत्री: संख्याशास्त्रातला ‘आकलन’ घ्यावा, पण ‘मापन’ आणि ‘आकलन’ यांची सरमिसळ कधीही होऊ देऊ नये. जपानच्या हितोमी या क्ष-किरण वेधशाळेची गोष्ट या दोन शब्दांच्या मधल्या फटीतच घडली. प्रक्षेपण १७ फेब्रुवारी २०१६. २६ मार्चला वळण पूर्ण झाल्यावर तारासंवेदकाचे मापन मध्येच तुटले आणि जायरोच्या बायसचे आकलन चुकीच्या आकड्यावर अडकले. उपग्रह स्थिर होता, पण आकलन म्हणत होते की तो तासाला सुमारे २१.७ अंश वेगाने फिरतो आहे. नियंत्रकाने ते ‘थांबवायला’ आतली चाके (ती एका बाजूला फिरली की उपग्रह उलट्या बाजूला वळतो) फिरवली आणि स्थिर उपग्रह खरोखरच फिरू लागला. सूर्यसंवेदकाशी पडताळा घेतला असता तर विसंगती दिसली असती, पण बिघाड ओळखायचा निकषही त्याच आकलनावर बेतलेला होता.

दिगंश: आणि पुढचा भाग चाकांचा, म्हणजे शीर्षकातल्या दुसऱ्या शब्दाचा. दिक्स्थितीच चुकीची, तेव्हा चाके हलकी करण्यासाठी लावलेला चुंबकीय टॉर्कही (टॉर्क म्हणजे फिरवणारा जोर) नको त्या दिशेने लागला. चाकांतला संवेग (फिरण्याचा साठा) उतरण्याऐवजी साठत गेला आणि ती मर्यादेजवळ पोचली. यानाने सुरक्षित अवस्थेत जाऊन थ्रस्टर (झोत सोडणारी छोटी इंजिने) वापरले, पण त्यांच्या नियंत्रणाचे आकडेच गैरलागू होते. फिरणे थांबण्याऐवजी वाढले आणि सौरपंखे व बाहेर काढलेला लांब सांगाडा तुटून गेला.

शब्दवेल्हाळ: ‘सॅच्युरेट’ला ‘संपृक्त’ आहेच की.

दिगंश: साखरेच्या पाण्याला शोभतो. चाकाच्या बाबतीत तो दोन निराळ्या गोष्टींवर पांघरूण घालतो. एक, मोटर क्षणाला जास्तीत जास्त किती टॉर्क देऊ शकते ही मर्यादा. मोठे वळण मागितले की ती गाठली जाते आणि थोड्या वेळाने सुटते. या काळात नियंत्रकातला इंटिग्रेटर चूक साठवत राहतो आणि नंतर लक्ष्य ओलांडून जातो. त्यावर उपाय म्हणजे मर्यादा लागल्याबरोबर इंटिग्रेटर गोठवणे. दोन, चाकाचा वेगच कमाल झाला. ही आपोआप सुटत नाही, आणि ती एकांगी असते: त्याच दिशेने आणखी टॉर्क मिळत नाही, उलट दिशेने मिळतो. पहिलीला ‘टॉर्कमर्यादा गाठली’ म्हणावे आणि दुसरीला सरळ ‘चाक भरले’. टेलिमेट्रीत (यानाकडून येणाऱ्या आकड्यांत) पहिली विद्युतप्रवाहात दिसते, दुसरी फेऱ्यांच्या आकड्यात.

‘भरले’ म्हटले की हिशेबही मराठीत मांडता येतो. चाकाची धारणक्षमता १ न्यूटन-मीटर-सेकंद आणि सौरदाबासारखा एकाच दिशेचा बाह्य टॉर्क ०.००००१ न्यूटन-मीटर असेल, तर रिकामे चाक १,००,००० सेकंदांत, म्हणजे सुमारे २८ तासांत भरते. कक्षेत पुढे-मागे होणारा टॉर्क मात्र भरतो तसाच रिताही करतो. त्यामुळे एकूण टॉर्क न पाहता फक्त त्याचा साठणारा भाग मोजावा.

कोनमापी: मग ‘डंपिंग’ म्हणजे ‘संवेग उतरवणे’? की ‘फेकणे’?

दिगंश: ‘उतरवणे’. ओझे उतरवायला ते टेकवायला काहीतरी लागते, तसे इथेही. चाक नुसते थांबवले तर संवेग उपग्रहाच्या अंगात येतो आणि उपग्रह फिरू लागतो. तो बाहेर जाण्यासाठी बाहेरचा टॉर्क हवा: खालच्या कक्षेत चुंबकीय दांड्या (विजेने चुंबक होणाऱ्या, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर रेटा देणाऱ्या), दूरच्या अवकाशात थ्रस्टर. क्षेत्र ३० मायक्रोटेस्ला आणि दांडीचा द्विध्रुव (चुंबकी ताकद) १० अँपिअर-चौरस मीटर असेल, तर जास्तीत जास्त ०.०००३ न्यूटन-मीटर मिळतात. म्हणजे ०.८ न्यूटन-मीटर-सेकंद उतरवायला उत्तम परिस्थितीतही सुमारे ४५ मिनिटे. प्रत्यक्षात जास्त लागतात, कारण क्षेत्राच्या दिशेला समांतर असा टॉर्क चुंबकाने मिळतच नाही. कक्षेत पुढे सरकल्यावर क्षेत्राची दिशा बदलते तेव्हा राहिलेला घटक उतरतो. शिवाय दांड्या चालू असताना चुंबकमापीचे वाचन घेऊ नये. आळीपाळीने चालवावे: थोडा वेळ दांड्या, मग त्या बंद करून क्षेत्र विरू द्यायचे, मग मापन.

शब्दवेल्हाळ: मग नोंद अशी करू: ‘संवेग उतरवणे – बाह्य टॉर्क लावून चाकांचा वेग कमी करणे, या काळात दिक्स्थिती बदलू न देणे.’

दिगंश: ‘चाकांचा वेग कमी करणे’ याऐवजी ‘चाकांचा वेग ठरलेल्या मूल्यावर आणणे’ असे करा. शून्यावर सहसा आणत नाहीत. शून्य ओलांडताना बेअरिंगचे घर्षण दिशा बदलते आणि रोखाला झटका बसतो.