तूट कमी करणार म्हणजे नक्की काय? मदत हवी आहे

मंडळी, जरा समजावून सांगा ना. काल आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीत विधानसभेचे एक उमेदवार येऊन गेले, पत्रकाच्या पुढच्या बाजूला राज्याची तूट कमी करू आणि मागे लाडक्या बहिणीचे १५०० वाढवू, वर नवीन कर पण नाही, हे गणित बसतं कसं बुवा? राजकोषीय तूट (कर्ज सोडून येणाऱ्या पैशापेक्षा सरकारचा एकूण खर्च जितका जास्त ती) स्थूल राज्य उत्पन्नाच्या (राज्यात वर्षभरात होणाऱ्या एकूण उत्पादनाच्या) ३ टक्क्यांत ठेवायची असते एवढं माहितीय, पण पगार, पेन्शन, व्याज यांना तर हात लावता येत नाही, मग कात्री रस्ते-पुलांच्या खर्चाला लागणार का? की यांना महसुली तूट (फक्त पगार-व्याजासारख्या चालू खर्चातली, रस्ते-पूल सोडून) म्हणायचंय? रविवारी परत येणारेत, नेमकं काय विचारू? आई म्हणते आधी पाण्याचं विचार 😅