सोयाबीनच्या राशीत थ्रेशरचा पट्टा सारखा जातो: दोष पट्ट्याचा की पुलीचा?

लेथवाला, लातूर
राशी, म्हणजे मळणी, सुरू झाल्या की गाळ्यावर तीच तक्रार येते: नवा पट्टा टाकला आणि लगेच जळाला, माल बोगस निघाला. माझं मत ठाम आहे. बहुतेक वेळा पट्टा चांगला असतो, पुली गेलेली असते.

थ्रेशरचा पट्टा म्हणजे व्ही-बेल्ट, तो पुलीच्या खाचेच्या तळावर बसून ओढत नाही. तो दोन्ही बाजूंच्या भिंतींत पाचरीसारखा दाबला जातो आणि त्या पकडीवर शेंगा फोडणारा ड्रम फिरतो. खाच झिजून रुंद झाली की पट्टा खाली उतरून तळाला टेकतो आणि पकड संपते. मग कितीही ताणा, घसरणारच. घसरला की तापतो, कडा चकचकीत होतात, आतल्या बाजूला भेगा पडतात. पट्टा उतरवून खाचेचा तळ बघा. तो चकाकत असेल तर नवा पट्टा टाकण्यात अर्थ नाही. बी सेक्शनचा, म्हणजे बी मापाचा, पट्टा वर 17 मिलिमीटर रुंद असतो, ए सेक्शनचा 13. दुकानात बी नाही म्हणून ए आणून बसवणारेही आहेत. तो पहिल्याच दिवशी तळाला जातो.

रासवाला, औसा
दादा, तुम्ही लेथवर बसून बोलताय. आमची मशीन ऑक्टोबरात रात्रंदिवस शेतात असते. परतीच्या पावसाचं आभाळ आलं की एकाच शिवारातून दहा फोन येतात. तेव्हा पुली काढून लातूरला न्यायची, तर दिवस जातो आणि गिऱ्हाईक दुसऱ्या मशीनकडे जातं. मी पट्टे जवळ ठेवतो. तुटला तो एक बदलायचा, घसरला तर राळ टाकायची आणि पुढच्या बनमीवर, म्हणजे कापलेल्या सोयाबीनच्या ढिगावर, जायचं. धंदा असाच चालतो.

लेथवाला, लातूर
घाई मान्य, पण तुमच्या दोन्ही गोष्टींनी खर्च वाढतो. तीन खाचांच्या पुलीवर एकच नवा पट्टा टाकला तर जुने दोन वाढलेले असतात. सगळा भार नव्यावर येतो आणि तोच आधी तुटतो. बदलायचे तर तिन्ही, एकाच मापाचे आणि एकाच कंपनीचे. राळ ही पूर्वीच्या सपाट पट्ट्यांची गोष्ट. रबरी व्ही-बेल्टवर ती चिकट थर करते, त्यावर सोयाबीनचा भुसा बसतो आणि खाचेत पापुद्रा धरतो. तासभर आवाज थांबतो, एवढंच.

आणि पुली काढायची वेळ राशीत नाही, उन्हाळ्यात असते. एप्रिल-मेमध्ये मशीन शेडमध्ये उभी असते, तेव्हा आणा.

कोरडवाहू, चाकूर
मी शेतकरी आहे, मशीन माझी नाही. दोघंही पट्ट्याच्या पैशावर बोलताय, माझ्या मालाचं काय? पट्टा घसरला की ड्रमची गती पडते आणि न फुटलेल्या शेंगा भुसकटात जातात. मग ड्रायव्हर अॅक्सिलरेटर वाढवतो. मध्येच पट्ट्याने पकड घेतली की ड्रम जोरात फिरतो आणि दाणा फुटतो. सोयाबीनचं टरफल पातळ असतं, मार लागलेला दाणा वरून चांगला दिसला तरी उगवत नाही. बियाण्याच्या राशीला ड्रम मिनिटाला 350 ते 400 फेऱ्यांवर ठेवा, असं सांगतात ते याचसाठी. घरचं बियाणं किमान 70 टक्के उगवलं पाहिजे. जूनमध्ये दुबार पेरणी आली तर भरपाई कोण देणार?

रासवाला, औसा
भाऊ, तुमच्याकडूनही चूक होते. काड ओलं असताना रास करा म्हणून मागं लागता. दव पडल्यावर काड चिवट होतं, ड्रमला गुंडाळतं. वरून मजूर पेंढीच्या पेंढी आत ढकलतात. अशा वेळी नवी पुली असली तरी पट्टा घसरणारच.

कोरडवाहू, चाकूर
ओल्या काडाचं खरं आहे. दुपारच्या उन्हातच रास करावी, हे मीही गावात सांगतो. पण मग कोरड्या मालालाही पट्टा का ओरडतो?

लेथवाला, लातूर
कारण पुल्या एका रेषेत नसतात. दोन्ही पुल्यांच्या तोंडाला सुतळी ताणून लावा. चारही ठिकाणी, म्हणजे प्रत्येक पुलीच्या दोन्ही कडांना, टेकली पाहिजे. एके ठिकाणी फट दिसली तर पट्टा तिरका चालतोय, एकच कड खातोय. हे काम शेतातही होतं, त्याला लेथ लागत नाही.

ताण बघायचा तर दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबा. मीटरभर अंतराला साधारण 15 मिलिमीटर दबला की ठीक. जास्त आवळला तर बेअरिंग तापतं. नवा पट्टा पहिल्या काही तासांत थोडा सैल होतो, तेव्हा पुन्हा एकदा ताण बघावाच लागतो. पट्टा चढवताना टामीने उचकटू नका. आतले धागे तुटतात आणि दोष दुकानदाराला लागतो. मोटरचे किंवा शाफ्टचे बोल्ट ढिले करा, पट्टा हाताने बसतो.

गतीचा हिशोबही पुलीवरच आहे. पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा फिरता शाफ्ट, मिनिटाला 540 फेऱ्यांचा. त्या शाफ्टवर 10 इंची आणि ड्रमवर 14 इंची पुली असेल तर ड्रम 386 च्या आसपास फिरतो. पुली बदलताना हाती येईल ती बसवली की हा हिशोब मोडतो.

परिचारिका, उदगीर
पट्ट्यावर जी जाळी असते, तिचा विषय कुणीच का काढला नाही? ताण बघायला सोपं म्हणून ती उतरवतात आणि हंगामभर बांधावर पडून राहते. पेंढ्या देणाऱ्या बायकांचा पदर आणि पट्टा यांत हातभर अंतर असतं. चालू मशीनवर पट्ट्याला हात लावलेल्यांची बोटं मी ड्रेसिंग केली आहेत. थ्रेशरच्या अपघातांसाठीच 1983 साली धोकादायक यंत्रांचा कायदा झाला.

रासवाला, औसा
ताई, जाळीत भुसा भरतो, पट्टा तापतो. म्हणून काढतात, कुणाचा जीव घ्यायला नाही.

लेथवाला, लातूर
मोठ्या छिद्रांची जाळी घ्या आणि एका बाजूला बिजागरी लावा. भुसा खाली पडतो, ताण बघताना जाळी नुसती उघडायची. कुठलाही वेल्डर करून देतो. आणि ट्रॅक्टर बंद करून चावी खिशात घातल्याशिवाय पट्ट्याला हात नाही, ही अट माझ्या गाळ्यावर प्रत्येकाला आहे.

रासवाला, औसा
बिजागरीची जाळी करून घेतो, सुतळीही लावून बघतो. पण राशीच्या दिवसांत पुलीसाठी मशीन उभी करणार नाही, त्यावर माझं मत बदललेलं नाही.

कोरडवाहू, चाकूर
मग मीही सांगून ठेवतो. यंदा बियाण्याची रास ज्याच्या पट्ट्याचा आवाज येत नाही त्याच मशीनला देणार, पोत्यामागे दर जास्त लागला तरी.