सिडनीच्या पुलाची कमान उन्हानं 18 सेंमी वर येते, मग ती तडकत कशी नाही?

रूपाली_अमळनेर

नमस्कार मंडळी. मी जळगावला सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेमिनारला सिडनी हार्बर ब्रिज घेतलाय. 1932 साली वाहतुकीला खुला झाला, कमानीचा गाळा (दोन पायांमधलं अंतर) 503 मीटर, सगळं मिळून 52,800 टन पोलाद आणि सुमारे 60 लाख रिव्हेट (पोलादी पत्रे जोडणारे जाड खिळे). इथपर्यंत माझी तयारी पक्की आहे.

पण वाचताना एक आकडा सापडला. ऊन आणि थंडी यांच्यामुळे कमानीचा माथा 18 सेंमीपर्यंत वर-खाली होतो. मी तो सरांना सांगितला तर ते म्हणाले, "मग पूल तडकत का नाही ते सांग." मला सांगता आलं नाही. गर्डरचा, म्हणजे सरळ पोलादी तुळईचा पूल आम्हाला शिकवलाय: एका टोकाला पक्कं बेअरिंग (तुळई जिच्यावर टेकते ती बैठक), दुसऱ्या टोकाला रोलर, म्हणजे लोखंड वाढलं की सरकायला जागा. कमानीचे तर दोन्ही पाय काठावर रोवलेले. ती सरकणार कुठे? आपल्याकडे मे महिन्यात 45 अंश होतात, तिथे असा पूल असता तर काय झालं असतं, हे डोक्यातून जातच नाही.

शिवाय दोन्ही टोकांना ते चार उंच दगडी मनोरे आहेत, त्यांनी कमान धरून ठेवली आहे का? आणि त्या पुलाचं रंगकाम कधी संपतच नाही म्हणतात, ते का? कुणी पुलांवर प्रत्यक्ष काम केलेलं असेल तर कृपया लिहा. सेमिनार पुढच्या गुरुवारी आहे.

बागायतदार_सावदा

ताई, मी शेतकरी माणूस, पण फोटो पाहिला. मनोऱ्यांच्या वजनानंच कमान दाबून धरली असावी. केळीचा घड भरला की आम्ही झाडाला टेकू लावतो, तसा तो टेकू दिसतो. जाणकारांनी खरं-खोटं सांगावं.

तापीकाठ_भुसावळ

रूपाली बेटा, तुझ्या सरांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. मी 33 वर्षं पुलांवर काम केलं. खलाशी, म्हणजे पुलावरचा मजूर म्हणून लागलो, मुकादम होऊन घरी आलो. दोन वर्षांपूर्वी मुलीकडे सिडनीला तीन महिने राहिलो, त्यात हा पूल बघायला अकरा वेळा गेलो. जावई विचारायचे, बाबा, आता तिथे काय बघायचं राहिलंय? मी म्हणायचो, पिना.

त्या पिनांमध्येच तुझं उत्तर आहे. पण आधी एक काम कर. बांबूची कामटी घे, हातभर लांब. दोन विटांमध्ये वाकवून अडकव, म्हणजे कमान झाली. आता त्याच विटांमध्ये बोटभर जास्त लांबीची कामटी अडकव. माथा वर गेलेला दिसेल. विटा जागच्या हलल्या नाहीत, कामटीही मोडली नाही. लांबीला बाजूला जायला वाट नव्हती, ती वर गेली. गर्डर सरळ असतो, त्याला वर जाता येत नाही, म्हणून त्याला सरकायला रोलर लागतो. कमानीला आभाळाकडची वाट मोकळी असते.

हिशेबही करून बघ. पोलाद एका अंशाला मीटरमागे 0.012 मिलिमीटर वाढतं. 503 मीटर आणि 30 अंशांचा फरक धर, म्हणजे 18 सेंमी होतात. हा झाला सरळ दांड्याचा हिशेब. कमानीची लांबी त्याहून जास्त आणि माथा किती चढेल ते तिच्या आकारावर ठरतं, तरी पॅराबोला धरून गणित केलंस तर या पुलाला आकडा पुन्हा 18 च्या आसपासच येतो. सरांसमोर फळ्यावर करून दाखव.

आता पिना. माथा वर चढला की पायाशी कमानीचा कोन किंचित बदलतो. पाय काँक्रीटमध्ये घट्ट पुरले असते तर तो बदल पायाशी अडला असता आणि तिथल्या पोलादावर वाकवणारा ताण आला असता. म्हणून चारही पायांना एकेक बिजागरी आहे. बिजागरीची पिन 4.2 मीटर लांब, 368 मिलिमीटर जाडीची. एकेका पायावर सुमारे 20,000 टनांचा रेटा येतो आणि एवढ्या रेट्याखालीही पाय पिनेवर वळतो. खालून उभं राहून मी ती बिजागरी कितीतरी वेळ पाहिली. दाराची बिजागरी जे करते तेच ती करते, फक्त दार 39,000 टनांचं आहे, कारण कमानीचं स्वतःचं पोलाद तेवढं आहे.

सावद्याच्या भाऊंना: तुमचा अंदाज चुकीचा आहे, पण फोटो पाहून कुणालाही तसंच वाटेल. कमानीची जाळी मध्यावर 18 मीटर खोल आणि टोकांना 57 मीटर आहे. टोकाला वरची कड थेट मनोऱ्यात शिरल्यासारखी दिसते, म्हणून वाटतं की भार मनोऱ्यावर आहे. तो नाही. सगळा भार खालच्या कडेनं पिनेत उतरतो, पिनेतून पायात आणि पायातून सिडनीच्या वाळूच्या दगडात. मनोरे 89 मीटर उंच, बाहेरून मोरुयाच्या खाणीतला ग्रॅनाइट. ते शोभेसाठी बांधले आणि बघणाऱ्याला पूल भक्कम वाटावा म्हणून. तुमच्या टेकूची उपमा मात्र उलटी करून बरोबर बसते: कमान दोन्ही काठांना बाहेर ढकलते आणि काठाचा खडक तिला टेकू देतो.

म्हणूनच आपल्या तापीवर अशी कमान पाहायला मिळत नाही. जळगाव जिल्ह्यात तापीकाठी गाळाची जमीन खोलवर आहे. ती आडवा रेटा सोसणार नाही. तिथे खोल पायाचे खांब घालून वर गर्डर ठेवणं शहाणपणाचं, कारण गर्डर खांबाला फक्त खाली दाबतो.

"आपल्याकडे 45 अंशांत काय झालं असतं" असं तू विचारलंस. बेटा, हवा 45 असते तेव्हा उन्हातलं लोखंड त्याहून कितीतरी तापलेलं असतं. दुपारी गर्डरला हात लागला की कातडी चिकटायची. म्हणून आमची गँग उन्हाळ्यात पहाटे चढायची आणि अकराच्या आत उतरायची. माझे पहिले मुकादम अहिराणी बोलायचे. ते म्हणायचे, "लोखंडले बी गरमी लागस, त्याले हालाले जागा दे, नही ते ते सोताच जागा करी." याचा अर्थ मला एका पुलावर कळला. रोलर बेअरिंगमध्ये रेती, पारव्यांची विष्ठा आणि वाळून दगड झालेलं ग्रीस जमलं होतं. कित्येक वर्षं कुणी ते उघडलं नव्हतं. रोलर जाम. उन्हानं गर्डर वाढला, सरकता येईना, त्यानं खालच्या दगडी ठोकळ्यालाच तडा घातला. अंगठा जाईल एवढा. वरून रोज गाड्या जात होत्या आणि रूळ सरळ दिसत होता.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. पूल वजनानं कमी मेलेत, हालचाल अडल्यानं आणि पाणी साचल्यानं जास्त मेलेत. आम्ही तीन वर्षांतून एकदा गर्डर जॅकवर उचलून बेअरिंग धुऊन ग्रीस भरायचो. रंगाचे फोटो सगळे काढतात, ग्रीसचा फोटो कुणी काढत नाही. तुझ्या सेमिनारमध्ये बेअरिंगवर एक पान ठेव.

रंगाचं उद्या लिहितो, आत्ता डोळे दुखतात.

पारोळ्याचा_सिडनीत

काकांचं वाचून फार बरं वाटलं. मी इथे नऊ वर्षं आहे, रोज सकाळी लोकलनं त्याच पुलावरून कामाला जातो. रंगाचं जे माहीत आहे ते सांगतो.

रंगवायचं क्षेत्रफळ सुमारे 4,85,000 चौरस मीटर आहे, एका हाताला (थराला) साधारण 30,000 लिटर रंग लागतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रंगवत जातात असं नाही. जिथे गंज वर यायला लागला तिथला भाग आधी धरतात. दिसतं काय, तर पुलाचा एखादा तुकडा कापडात गुंडाळलेला. आत जुना रंग कणांचा मारा करून खरवडतात. जुन्या थरांत शिसं आहे, ते खाडीत किंवा माणसांच्या छातीत जाऊ नये म्हणून सगळं बंद करून आतली हवा गाळून बाहेर सोडतात. 2013 पासून या माऱ्यासाठी यंत्रमानवही वापरतात, इथल्याच तंत्रज्ञान विद्यापीठाबरोबर तयार केलेले. त्या माऱ्याचा पाइप तासन्‌तास हातात धरणं माणसाला फार जड जातं. अर्थात, अडचणीच्या सांदीकोपऱ्यांत अजून माणूसच जातो.

रूपाली_अमळनेर

काका, दादा, खूप खूप आभार. गणित केलं, 30 अंशांना 17.9 सेंमी आलं! एकच शंका राहिली. मध्ये आधार न देता दोन्ही अर्ध्या कमानी जोडेपर्यंत उभ्या कशा राहिल्या? तेव्हा तर एकमेकींचा टेकू नव्हता.

तापीकाठ_भुसावळ

चांगलं विचारलंस. खाडीत जहाजांची ये-जा चालू ठेवायची होती आणि पाणी खोल, म्हणून खालून परांची उभारता येत नव्हती. प्रत्येक अर्ध्या कमानीला मागून 128 पोलादी दोर बांधले. ते खडकात खणलेल्या नालाच्या आकाराच्या बोगद्यातून फिरवून आणले होते. सगळा तोल त्या दोरांवर. कमानीवरच रांगणाऱ्या क्रेन पुढचा तुकडा उचलायच्या, जोडायच्या, मग त्यावर पुढे सरकायच्या. दोन्ही बाजू जवळ आल्यावर दोर हळूहळू सैल करत कमानी खाली टेकवल्या. 19 ऑगस्ट 1930 च्या रात्री 10 च्या सुमारास त्या जुळल्या. दोर सैल होत गेले तसा दोन्ही अर्ध्या कमानींचा रेटा एकमेकींवर आला. त्या क्षणापर्यंत ती लोंबणारी दोन वजनं होती, त्यानंतर कमान झाली. या बांधकामात 16 कामगार गेले, हे सेमिनारमध्ये सांगायला विसरू नकोस.

1932 च्या फेब्रुवारीत भाराची चाचणी घेतली तेव्हा 96 पर्यंत वाफेची इंजिनं एकामागोमाग पुलावर उभी केली होती. भुसावळकराला हे वाचून काय वाटत असेल ते इंजिनांच्या आवाजात वाढलेल्यालाच कळेल.

आता रंग आणि रिव्हेट. आम्ही रिव्हेटला रिपीट म्हणायचो. तिकडची सगळ्यात मोठी रिपीट साडेतीन किलोची, 39.5 सेंमी लांब. भट्टीत लाल करायची, चिमट्यानं फेकायची, समोरच्यानं बादलीत झेलायची आणि थंड व्हायच्या आत ठोकून डोकं काढायचं. थंड होताना ती आकसते आणि पत्रे एकमेकांवर आवळते. तिची पकड या आवळण्यात आहे. ढिली झाली की डोक्याभोवती गंजाचा तांबूस ओघळ दिसतो. खात्री करायला एका बाजूला बोट टेकवायचं आणि दुसऱ्या बाजूनं लहान हातोडीनं टिचकी मारायची. घट्ट रिपीट बोटाला जड लागते, ढिली थरथरते. माझ्या डाव्या हाताचं पहिलं बोट अजूनही लोखंडी दार दिसलं की आपोआप पुढे जातं. आता रिपीट मारणारे राहिले नाहीत. खराब निघाली की काढून तिथे ताण देऊन आवळलेला जास्त ताकदीचा बोल्ट बसवतात.

रंगाचं मूळ गंजात आहे आणि गंज पाण्यात. भर पावसात धुऊन निघणारा पत्रा टिकतो. दोन पत्र्यांच्या सांध्यात ओल बसते, जिथे पाला आणि विष्ठा साचते, तिथे पत्रा सोलत जातो. गंज पोलादापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे सांधा आतून फुगतो आणि रिपीटचं डोकं उडतं. म्हणून आमचं पहिलं हत्यार ब्रश नव्हे, झाडू. झाडायचं, पाणी जायची भोकं मोकळी करायची, खरवडायचं, मग पहिला हात. पूर्वी तो हात शेंदराचा असायचा, जवसाच्या तेलात कालवलेला. आपण मारुतीला लावतो तोच शेंदूर, शिशाचा. लोखंडाला तो फार मानवतो, माणसाला मानवत नाही. आम्ही उघड्या हातांनी कालवला, त्याच हातांनी भाकरी खाल्ली. पारोळ्याच्या दादांनी कापड गुंडाळायचं लिहिलंय ना, ते मी तिथे पाहिलं तेव्हा माझ्यासोबतचे दोघे आठवले. त्यांना आयुष्यभर पोटदुखी होती.

बागायतदार_सावदा

काका, आज कळलं. धन्यवाद.

रूपाली_अमळनेर

काका, सेमिनार झाला. कामटी आणि दोन विटा घेऊन गेले होते. सरांनी स्वतः माथ्यावर हात ठेवून दाबलं तर उजवीकडची वीट घसरली आणि कमान सपाट झाली. वर्ग हसला, मी घाबरले.

तापीकाठ_भुसावळ

घाबरायचं कशाला? वीट घसरली म्हणजे रेटा खरा आहे हे सगळ्या वर्गानं डोळ्यांनी पाहिलं. तुझ्या टेबलाखाली खडक नव्हता एवढंच. पुढच्या वेळी वीट भिंतीला लावून ठेव आणि सरांना पुन्हा दाबायला सांग.